आमची वाटचाल : नीलमाच्या पेढीची गोष्ट

आमची पेढी मी आणि माझे भागीदार अशा दोघांनी उभी केली. भांडवल म्हणावे तर दहा पटींचे एक भिंग, दोन चिमटे, कॅरटचा काटा आणि खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते मोजणारा एक जुना रिफ्रॅक्टोमीटर. भागीदार मूळचे पैलूकार होते. श्रीलंकेच्या कच्च्या नीलमात रंग पुष्कळदा एखाद्या पट्ट्यातच साचलेला असतो. तो पट्टा खड्याच्या तळटोकाशी राखून पैलू पाडले की वरून पाहणाऱ्याला सगळा खडा निळा दिसतो. अक्ष चुकला तर तोच निळा हिरवटाकडे झुकतो, म्हणून चाकावर लावण्याआधी ते प्रत्येक खडा डायक्रोस्कोपमधून, म्हणजे खड्याचे दिशेनुसार बदलणारे रंग दाखवणाऱ्या नळीतून, फिरवून पाहत, आणि त्या वेळी कोणी बोललेले त्यांना खपत नसे.

नीलम ज्या खनिजाचा असतो, त्या कुरुंदाला शुद्ध रूपात रंग नसतो. लोह आणि टायटॅनियम एकत्र आले की तो निळा होतो. क्रोमियमने लाल झाला की त्याला आपण माणिक म्हणतो, बाकी रंगांच्या कुरुंदाला नीलमच. १८८०च्या दशकात काश्मीरच्या पाडर भागात सापडलेला मखमली निळा माल थोड्याच वर्षांत संपला. तसे खडे आमच्या हातातून दोनच गेले, आणि त्यांची आठवण आली की आजही समोरचा माल मला फिका वाटतो.

माझी खरी परीक्षा मात्र निळ्या खड्याने घेतलीच नाही. २००१मध्ये बाजारात गुलाबी-नारिंगी नीलम एकाएकी मुबलक येऊ लागला. कमळाच्या रंगावरून ज्याला पद्पराद्शा म्हणतात तो इतका दुर्मीळ, की पुडी उघडताच माझा विवेक सुटला. भागीदार नको म्हणत असताना पेढीची जवळजवळ सगळी पुंजी मी त्या मालात घातली. भिंगाखाली काच नव्हती, बुडबुडे नव्हते, कृत्रिम नीलमात दिसणाऱ्या वक्र रेषा नव्हत्या. रिफ्रॅक्टोमीटरवर अपवर्तनांक १.७६२ ते १.७७०, म्हणजे अस्सल कुरुंद. आणि तो अस्सल होताच. खोटा होता तो रंग. २००२च्या सुरुवातीला प्रयोगशाळांनी उलगडा केला, की क्रिसोबेरिल या बेरिलियमयुक्त खनिजाच्या सान्निध्यात सुमारे १८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून गुलाबी खड्यांत बेरिलियम मुरवले जात होते. टायटॅनियम मुरवले तर रंग पृष्ठभागालगतच राहतो, बेरिलियमचा अणू मात्र इतका लहान, की तो खड्यात खोलवर जातो. मिथिलीन आयोडाइड या तपासणीच्या द्रवात बुडवल्यावर आमच्या बहुतेक खड्यांना पैलूंच्या कडेकडेने नारिंगी किनार दिसली, आणि ती पाहून भागीदार एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

विकलेला प्रत्येक नग आम्ही परत घेतला. त्याच पुरवठादाराकडून तोच माल उचललेल्या एका पेढीने मात्र तो ‘नैसर्गिक रंग’ म्हणून विकणे चालू ठेवले आणि वर आमच्याबद्दल पसरवले, की यांना पारखच नाही. आमचे निम्मे ग्राहक तिकडे गेले. भागीदारांनी वर्षभराने हिशेब मिटवून निरोप घेतला. ते रागावून गेले नाहीत, थकून गेले. तरीही तो सल मला आहे.

राहिलेल्यांत एक वयस्क सोनार होते. ते दर महिन्याला येत, एखादाच लहान निळा खडा घेत आणि पुडीवर मी ‘तापवलेला’ असे लिहिले आहे ना, ते चष्मा काढून वाचत. त्या पडत्या काळात त्यांनी एकदाही येणे चुकवले नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, की तापवलेला नीलम म्हणजे खोटा नीलम नव्हे. श्रीलंकेचे गेउडा नावाचे दुधी, फिके खडे १९७०च्या दशकापासून थायलंडमध्ये तापवून निळे केले जात आहेत, आणि तो रंग टिकतो. खड्यातले ‘रेशीम’, म्हणजे सुईसारखे बारीक तंतू, विरघळून तुटक ठिपक्यांसारखे दिसू लागले की खडा भट्टीतून गेला आहे, हे सांगण्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे. रंग पारखायचा तर दिवसाच्या उजेडातही पाहा आणि पिवळ्या दिव्याखालीही. बेरिलियमची शंका आली, तर भिंगावर विसंबू नका. खडा प्रयोगशाळेत पाठवा.

त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली. त्या नारिंगी मालातले अकरा खडे आजवर वेगवेगळ्या ग्राहकांनी आमच्याकडे तपासायला आणले आहेत. पुडीवरच्या हस्ताक्षरावरून ते कोणी विकले हे मला लगेच कळते. ग्राहकाच्या हाती मी फक्त प्रयोगशाळेचा अहवाल देतो.