तुम्ही विचारलंत म्हणून: समोरच्या कंपनीतलं तुम्हाला कळतं कसं?

लहान-मध्यम कारखानदारांना त्यांच्या स्पर्धकांचा अभ्यास करून देते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तिथे आत तुमचं कुणी असतं का?" कुणी नसतं, आणि लागतही नाही. बहुतेक गोष्टी कंपन्यांनी स्वतःच सरकारदरबारी भरलेल्या असतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून कुणालाही बघता येतो. पेटंटचा अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण परवानगीच्या कागदांत उत्पादनक्षमता लिहिलेली असते. आणि नोकरीच्या जाहिराती वाचा. कोणत्या मशीनवरचा ऑपरेटर हवाय, हे कंपनी तिथे उघड सांगून मोकळी होते.

पण माहिती गोळा करण्याआधी मी मालकाला एक विचारते: हे कळलं तर तुम्ही काय वेगळं कराल? याचं उत्तर नसेल तर काम सुरू करत नाही. नुसतं "त्यांचं काय चाललंय ते बघा" यातून जाडजूड फाईल तयार होते आणि ती कपाटात जाते.

भोसरीतल्या एका शीट मेटलवाल्यांचं उदाहरण सांगते. समोरच्याने अचानक रेट पाडले. बाजारात बोलवा झाली की त्याने नवीन लेझर कटिंग मशीन घेतलंय, म्हणून त्याला परवडतं. आमचे मालकही कर्ज काढून तसंच मशीन घ्यायच्या बेतात होते. म्हणजे निर्णय समोर होता आणि प्रश्न नेमका होता: रेट कमी झालाय तो खर्च कमी झाल्यामुळे, की पैशाची निकड आहे म्हणून?

कंपनीने मालमत्ता तारण ठेवून कर्ज घेतलं की त्याची नोंद मंत्रालयाकडे करावी लागते, आणि सोबत जोडलेल्या करारात कशावर कर्ज दिलंय ते असतं. इथे नवीन नोंद होती ती कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठी बँकेतून उचलायच्या पैशांची मर्यादा वाढवल्याची; तारण म्हणून स्टॉक आणि ग्राहकांकडची येणी. मशीनसाठीचं मुदत कर्ज कुठेच नव्हतं. ताळेबंदात मालाचा साठा फुगलेला, यंत्रसामग्रीत भर जवळपास नाही. लेझर ऑपरेटरची जाहिरातही नाही. चित्र मशीनचं दिसत नव्हतं. माल अडकलाय आणि रोकड सोडवण्यासाठी रेट पाडलाय, असं दिसत होतं.

पण एवढ्यावर मी थांबत नाही, कारण कागद अर्धवट असतात. ताळेबंद हातात येतो तोवर आकडे सहा-सात महिने जुने झालेले असतात. शिवाय मशीन घरच्याच एखाद्या भागीदारी फर्मच्या नावावर असू शकतं, आणि अशा फर्मचे हिशेब या पोर्टलवर नसतात. म्हणून दोघांकडून माल घेणाऱ्या ग्राहकांशी बोलले, मी कोण आणि कुणासाठी विचारतेय ते सांगूनच. त्यांना येणाऱ्या मालाची कापलेली कड पूर्वीसारखीच होती, लेझरने कापल्यासारखी नव्हती. मग अहवालात लिहिलं: मशीन नसण्याची शक्यता जास्त, खात्री मध्यम. मालकांनी मशीनची खरेदी थांबवली, रेट धरून ठेवला आणि मोठ्या ग्राहकांना डिलिव्हरीच्या तारखा लेखी दिल्या.

खरी माहिती समोर असूनही प्रश्न चुकला तर काय होतं, हे आपल्याकडे साबणाच्या पावडरीत दिसलं. करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू केली. ती लपून वाढली नाही, किराणा दुकानात ढळढळीत दिसत होती. पण सर्फचं गिऱ्हाईक वेगळं, असं हिंदुस्थान लिव्हरमध्ये बराच काळ धरून चालले. त्यांची स्वस्त व्हील पावडर आली ती 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात. पहिल्यांदाच पावडर विकत घेणारं घर कोणतं, हा प्रश्न आधी विचारला गेला असता तर इतकी वर्षं गेली नसती, असं माझं ठाम मत आहे.

हेरगिरीचं म्हणाल, तर ती रेघ मी ओलांडत नाही. 2001 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलसाठी काम करणाऱ्या बाहेरच्या लोकांनी युनिलिव्हरच्या कचऱ्यातून कागद उचलले होते. कळल्यावर प्रॉक्टर अँड गॅम्बलने स्वतःच युनिलिव्हरला सांगितलं आणि प्रकरण तडजोडीने मिटवलं. खोटं नाव सांगून फोन करणं, मुलाखतीला बोलावून उमेदवाराकडून जुन्या कंपनीचे रेट काढणं, हे मी करत नाही आणि करवूनही घेत नाही. स्पर्धकालाच फोन करून भाव ठरवून घेणं तर 2002च्या स्पर्धा कायद्याच्या विरोधात आहे. "एकदा बोलून घेऊ का त्यांच्याशी?" असं कुणी सहज म्हणालं तरी मी तिथेच अडवते.

भोसरीच्या अहवालाच्या शेवटी दोन ओळी आहेत: कोणती गोष्ट दिसली तर आमचं मत बदलेल, आणि ती कधी तपासायची. बहुतेक कंपन्यांचे मार्चअखेरचे ताळेबंद ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत भरले जातात. तेव्हा त्या कंपनीच्या यंत्रसामग्रीत मोठी भर दिसली, तर मशीनचा विषय आम्ही पुन्हा टेबलावर घेणार आहोत.