फेब्रुवारी २०१८ : अखेर हीट फ्लक्स वर चढला!

तीन आठवडे डोकं खाणारा ग्राफ काल रात्री एकदाचा सरळ आला. ग्राफ सपाटच येतो म्हणून मागच्या नोंदीत केलेली कुरकुर सपशेल मागे घेतो. चूक माझीच होती.

केस तीच. १२ फेब्रुवारी २०१८ ला ६० अंश उत्तरेवर, १० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीला (म्हणजे वर स्थितांबरात) पश्चिमी वारे उलटले आणि ध्रुवीय भोवरा, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणारं थंड वाऱ्यांचं कडं, दुभंगला. त्याआधी तपांबरातून वर किती रेटा आला, ते मोजायचं होतं. त्यासाठी हीट फ्लक्सचा नेहमीचाच हिशोब: १०० हेक्टोपास्कल, ४५ ते ७५ अंश, व्ही-प्राइम गुणिले टी-प्राइम. (व्ही म्हणजे दक्षिणोत्तर वारा, टी तापमान, आणि प्राइम म्हणजे अक्षवृत्ताच्या सरासरीपासूनचा फरक.) वारे उलटायच्या आधी हा आकडा उसळायला हवा. माझा मेला सपाट!

अक्षांशांचा उलटा क्रम (ईआरए-५ या जागतिक हवामान-डेटासंचात ९० पासून खाली येतात, स्लाइस सुलटा दिला की रिकामा डबा हातात) तपासला. कोसाइनचं वजन तपासलं. केल्विन-सेल्सिअसवरही संशय घेतला, जो निव्वळ मूर्खपणा. सरासरी वजा केल्यावर ते २७३ उरतातच कुठे?

शेवटी सहज म्हणून नुसत्या व्हीची सरासरी छापली. सेकंदाला ६ मीटर! इथे ट्यूब पेटली. गडाच्या तटावरून पूर्ण फेरी मारून त्याच दरवाजात आलात की चढ आणि उतार फिटतात. दाबाचंही तसंच, आणि व्ही चालतो पूर्व-पश्चिम दाबफरकावर, म्हणून अख्ख्या अक्षवृत्तावर व्हीची सरासरी शून्याच्या आसपासच यायला हवी. माझी फेरी पूर्ण नव्हतीच. डिस्क भरलेली, म्हणून मी २० पश्चिम ते १०० पूर्व एवढाच तुकडा उतरवला होता. 'उरलवरचं ब्लॉकिंग (ठाण मांडून बसलेला जास्त दाब) बघायचंय, अलास्का कशाला?' नडला तो कंजूषपणा. प्राइम काढायचे अख्ख्या वर्तुळाच्या सरासरीपासून, मी काढत होतो तिसऱ्या हिश्शाच्या सरासरीपासून.

पूर्ण वर्तुळ एक अंशाच्या जाळीवर पुन्हा उतरवलं. (सेकंडहँड हार्ड डिस्क घेऊ नका. एवढंच सांगतो.) आता फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काड्या कशा ताठ उभ्या राहतात बघा, आणि वेव्ह-२ चा (वर्तुळात दोन उंचवटे, दोन खळगे असलेल्या लाटेचा) रंग वेव्ह-१ ला (एकच उंचवटा, एकच खळगा) झाकून टाकतो. एका बाजूला उरलचा जास्त दाब, दुसऱ्या बाजूला अलास्काचा, मधे दोन खळगे. एवढ्या लांब लाटाच वर पोचतात; आखूड लाटा पश्चिमी वाऱ्यात खालीच अडकतात, हे चार्नी आणि ड्राझिन यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं. १० हेक्टोपास्कलच्या नकाशात भोवऱ्याचा एक तुकडा उत्तर अमेरिकेवर, दुसरा युरेशियावर. वॉलपेपर लावलाय. घरच्यांनी विचारलं, "हे काय, डबल ऑम्लेट?" रेनबो रंगपट्टी वापरली असती तर तेही कळलं नसतं.

पुढे जानेवारी २०१९ ची अशीच घटना घ्यायचं ठरलं होतं. पण आता फ्लक्सचे रेखांशांनुसार तुकडे पाडतो: उरलचा वाटा किती, अलास्काचा किती. प्राइम अर्थातच पूर्ण वर्तुळाचे! आणि हे लिहितानाच आठवलं, २०१८ च्या जानेवारीअखेर पश्चिम पॅसिफिकवर एमजेओ (विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारा ढग-पावसाचा पट्टा) भलताच जोरात होता. अलास्काचा उंचवटा त्यानेच फुगवला का? मग विषुववृत्ताकडचा ओएलआरही (पृथ्वीवरून अवकाशात जाणारं उष्णता-प्रारण, ढग ओळखायला) लागणार. २०१९ थांबेल, २००२ ची अंटार्क्टिकावरची तशीच घटना तर त्याहून मागे.

डिस्कवर ११ जीबी उरलेत. जुने लग्नाचे व्हिडिओ कुठे हलवता येतील ते बघतोय.