न्यूमोनियाला टूडी इको कशाला?

"बाबांना न्यूमोनिया झालाय ना? मग हृदयाची टूडी इको सोनोग्राफी कशाला?" आयसीयूच्या दारात मुलीने विचारलं. बिल वाढवताय, असं ती बोलली नाही. पण नजरेत होतं.

आत बीपी पडलेलं. न्यूमोनियातून सेप्सिस झालेला, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने अवयवच कोलमडू लागलेले. अशा वेळी पहिल्या ३ तासांत किलोमागे निदान ३० मिली सलाईन, हा आमचा ठोकताळा. तेवढं देऊन झालं होतं. आणखी द्यायचं की आवरायचं, हे मॉनिटर सांगत नाही.

प्रोब छातीवर टेकवला. हृदयाचा डावा कप्पा अगदी सुस्त, भिंती जेमतेम आत येत होत्या. पोटातली मोठी शीर टम्म फुगलेली, श्वासाबरोबर हलायलाही तयार नाही. वर अजून पाणी ओतलं असतं तर ते फुफ्फुसात उतरलं असतं. सलाईन आवरलं, बीपी धरून ठेवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनच्या जोडीला हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन लावलं. सेप्सिसमध्ये चांगलं हृदयही असं मलूल पडतं. पेशंट तगला तर बहुतेकदा काही दिवसांत सावरतं.

मुलीचा प्रश्न मात्र रास्त होता. बीपीचा आकडा कुणालाही दिसतो, तो का पडला ते दिसत नाही.

मशीन तर आता खिशात मावतं. पण रात्री तीन वाजता ते चित्र वाचणारं माणूस किती आयसीयूंत असतं?