श्रावणात कुर्लीने कात टाकली

गोव्यातल्या आमच्या पर्वरीच्या फ्लॅटमध्ये ऐंशी लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात दोन शंखातल्या कुर्ल्या, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे, एक मोठी, एक धाकटी. दोन्ही हणजूणच्या खडकांतल्या डबक्यातून लेकाने आणलेल्या. पकडताना मोठीचा एक पाय तुटला होता, तेव्हापासून ती जरा तिरकी चालायची.

श्रावण लागला आणि मोठीने खाणं सोडलं. पाचसहा दिवस दगडाच्या कपारीत तोंड आत करून बसली. आई म्हणाली, "घरात मासळी बंद, म्हणून तिनेही धरलं असेल." मी हसलो, पण मनात धाकधूक होतीच, कारण महिनाभरापूर्वी मी एक गाढवपणा केला होता. पंख्याच्या वाऱ्याने टाकीतलं पाणी उडून जायचं आणि मी ते मीठ घातलेल्या पाण्यानेच भरून काढायचो. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. पाण्याचा खारटपणा दाखवणारा हायड्रोमीटर १.०३० वर गेला होता. मग रोज थोडं थोडं आरओचं पाणी घालत आठवडाभरात १.०२५ वर आणलं. एका दमात खाली आणायचं नसतं.

एका सकाळी बघतो तर वाळूवर कुर्ली उताणी पडलेली. नांग्या, पाय, मिशा, डोळ्यांच्या दांड्यासुद्धा जागच्या जागी. शंख बाजूला नाही. मेली! एवढ्याशा टाकीत मेलेला जीव राहिला तर अमोनिया चढतो आणि बाकीचेही जातात, म्हणून चिमट्याने काढून बशीत ठेवली. फेकणारच होतो.

आई भाजी चिरत होती. आयुष्यभर कुर्ल्या साफ केलेला हात तो. तिने बशी नाकाशी नेली, बोटाने पाय दाबला. "अरे, ही पोकळ आहे. वास कुठे येतो? कुर्ली मेली की घर डोक्यावर घेते." आणि वर, पौर्णिमा जवळ आहे, आता कुर्ल्या पोकळच असणार, हेही सांगून झालं. पौर्णिमेचं सोडा, पण निदान बरोबर होतं. उजेडात धरल्यावर डोळे काचेसारखे आरपार दिसले आणि पाठीचं कवच मागून उघडलेलं. सापासारखीच कात, फक्त नांग्यांसकट.

मालकीण कपारीत होती. शंखाच्या तोंडाशी फिकट, जवळजवळ पांढऱ्या नांगीचं टोक तेवढं दिसलं. उचलून बघायची भयंकर इच्छा झाली. नाही उचलली. कात टाकल्यावर कुर्ली पाणी शोषून फुगते, मग नवं कवच हळूहळू कडक होतं. तोवर ती लोण्यासारखी असते. पोट तर तिचं कायमच मऊ, म्हणून तर शंखाचं भाडं भरते.

खरा धोका धाकटीचा होता. मऊ कुर्ली दिसली की दुसरी तिला शंखातून ओढून काढते. धाकटीला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा टाकीतच तरंगत ठेवला. कात मात्र परत कपारीजवळ ठेवली, कारण त्यातलं कॅल्शियम कुर्ली पुन्हा खाते. दुकानदाराने आयोडीनची बाटली गळ्यात मारायचा प्रयत्न केला, मी घेतली नाही. चांगल्या मरीन सॉल्टने पाण्याचा काही भाग बदलला, बस. अमोनियाची चाचणी रोज, रोज शून्य. तिसऱ्या रात्री लाईट गेली, पहाटेपर्यंत बॅटरीवरचा एअर पंप चालला आणि मी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसलो.

दोन दिवसांत कातीचे निम्मे पाय गायब झाले. सहाव्या दिवशी मोठी बाहेर आली, रंग इतका उजळ की लेकाला दुसरीच वाटली. तुटलेल्या जागी छोटा, बारीक पाय आला होता. आईने फ्रीजरच्या तळाशी राहिलेली एक कोळंबी सालीसकट काढून दिली. "तिला कसला आलाय श्रावण."

मिरामारच्या वाळूतून वेचलेले, आत कोणी नाही ना हे बघून उकळलेले चार शंख आधीच टाकीत ठेवले होते. आठवडाभर मोठीने एकेकाच्या तोंडात नांगी घालून मापं घेतली आणि गोल तोंडाच्या, थोड्या मोठ्या शंखात शिरली. त्याच दुपारी धाकटीला डब्यातून सोडलं. रात्री दिवा लावून पाहिलं तर ती मोठीच्या जुन्या शंखात. पर्वरीत रिकामी खोली एवढ्या लवकर कुणाला मिळत नाही.