हॉलो-बॉडी गिटार आणि हरवणारा ‘ए’

माझ्याकडच्या हॉलो-बॉडी, म्हणजे पोकळ पोटाच्या, इलेक्ट्रिक गिटारवर सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) ‘ए’ हा स्वर छेडला की तो जोरात उमटतो आणि लगेच बसतो. शेजारचे, चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवरचे स्वर मात्र निवांत रेंगाळतात. तार जुनी झाली असेल किंवा फ्रेट झिजली असेल असे समजून मी तारा बदलल्या, फ्रेट तपासून घेतली. फरक पडला नाही. मग लक्षात आले की पाचवी तार मोकळी छेडली, म्हणजे फ्रेटला बोटही न लावता तोच ११० हर्ट्‌झचा स्वर काढला, तरी तोही तसाच चटकन विरतो. तारा दोन, जागा दोन आणि विरणारा स्वर मात्र एकच, तेव्हा दोष तारेत नव्हता आणि फ्रेटमध्येही नव्हता. अ‍ॅम्प बंद करून ब्रिजजवळ, म्हणजे तारा वरच्या पाटीवर ज्यावर टेकतात त्या आधाराजवळ, बोटाच्या पेराने ठोकले, तर आतून आलेल्या घुमाऱ्याची पट्टी जवळपास त्याच ‘ए’ची होती, आणि एफ-होल, म्हणजे वरच्या पाटीतली ‘f’ आकाराची दोन्ही भोके, पुठ्ठ्याने झाकून तोच स्वर पुन्हा छेडला, तेव्हा तो स्पष्टपणे अधिक वेळ टिकला.

लाकडाचा स्वराशी संबंध काय, या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर या एका स्वरात आहे. तारेचे कंपन विजेत बदलणारा चुंबकीय पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. त्याला कळते ती फक्त पोलादी तारेची, त्याच्या सापेक्ष होणारी हालचाल. त्यामुळे बॉडी स्वरात आपल्याकडून काही भर घालते असे म्हणण्यापेक्षा, ती ब्रिजवाटे तारेकडून ऊर्जा काढून घेते आणि ती सगळ्या स्वरांकडून सारखी घेत नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. ज्या स्वराशी बॉडीची किंवा तिच्यातल्या हवेची नैसर्गिक कंपने जुळतात, त्याची ऊर्जा ती झपाट्याने घेते. तो स्वर गिटारच्या जवळ बसलेल्याला मोठा ऐकू येतो, पण तारेवर टिकत नाही. सॉलिड-बॉडीपेक्षा, म्हणजे भरीव लाकडाच्या गिटारपेक्षा, हॉलो-बॉडीचा आघात जो ठसठशीत वाटतो आणि त्यामागून येणारी शेपटी जी आखूड असते, ती बहुतांशी याच देवघेवीतून येते.

मग ही देवघेव कशी व्हावी हे कोण ठरवते? इथे लाकडाच्या नावापेक्षा ते कसे घडवले आहे हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. स्प्रूस हलके असते, दर घनमीटरला साधारण ४०० ते ४५० किलो, पण रेषांच्या दिशेने ते आडव्या दिशेपेक्षा दहापटीहून अधिक ताठ असते. म्हणूनच जाड फळीतून कमानदार कोरून काढलेली स्प्रूसची वरची पाटी थोड्या ऊर्जेतही जागी होते. गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीने १९२२ साली आणलेली एल-५ अशा कोरलेल्या पाटीची होती, आणि ती मुळात विजेशिवाय वाजण्यासाठीच घडवली होती. १९५१ साली त्याच घराण्यातली एल-५ सीईएस आली, तेव्हा त्या पाटीत दोन पिकअपसाठी भोके पाडली गेली. पिकअपचे वजन थेट पाटीवर आले, तिचे कंपन आवरले गेले, आणि जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी यांनी अंगठ्याने काढलेला तो गोल, भरीव स्वर अशाच गिटारवरचा आहे. पाटीला न कापता नेकच्या (गिटारच्या मानेच्या) टोकाला किंवा पिकगार्डला (पाटीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीला) अडकवलेला तरंगता पिकअप लावला, तर पाटी मोकळी राहते आणि लाकडाचा खुलेपणा अधिक ऐकू येतो. पण मोठ्या आवाजात ती तितक्याच लवकर बेताल होते.

गिब्सनच्याच १९४९ सालच्या ईएस-१७५ या गिटारची गोष्ट याच्या उलट आहे. तिची पाटी कोरलेली नव्हती. पातळ थर एकमेकांना आडव्या रेषांनी चिकटवून, साच्यात दाबून आकार दिलेले ते मेपलचे प्लायवुड होते. आडव्या-उभ्या थरांमुळे ताठरपणातला दिशांचा फरक कमी होतो, पाटी जड होते आणि विजेशिवाय तिचा आवाज दबका येतो. ‘प्लाय’ हा शब्द अनेक जण हलक्या प्रतीचा म्हणून उच्चारतात. मला ते अन्यायाचे वाटते. जॅझ गिटारवादक जो पास आणि जिम हॉल यांनी याच गिटारवर जो नेमका, कोरडा, शब्दासारखा सुटा स्वर काढला, तो कोरलेल्या पाटीवर तसा मिळत नाही. शिवाय ‘मेपल म्हणजे उजळ’ हे वाक्य इथे अर्धेच लागू पडते, कारण अशा प्लायवुडच्या मधल्या थरात बऱ्याचदा पॉप्लरसारखे दुसरेच लाकूड असते.

बांधणीचा परिणाम सर्वांत स्वच्छ दिसतो तो गिब्सनच्या १९५८ सालच्या ईएस-३३५ आणि तिच्या पुढच्याच वर्षीच्या ईएस-३३० यांत. बाहेरून दोघींची आकृती जवळजवळ एकच, दोघी पातळ, दोघींना प्लायवुडचीच पाटी. पण ३३५च्या पोटातून, नेकपासून तळापर्यंत, मेपलचा सलग ठोकळा जातो आणि ब्रिज त्यावर घट्ट बसतो. ३३० आतून पूर्ण पोकळ आहे. दोघींचे पिकअपही वेगळे असल्यामुळे सगळा फरक ठोकळ्याच्या नावावर मांडता येणार नाही. तरी ३३५चा लांब टिकणारा स्वर आणि ३३०चा लगेच विझणारा, लाकडी ठसका असलेला स्वर, हे अंतर मी ठोकळ्याचेच मानतो. ग्रेच कंपनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस वरची पाटी आणि पाठ आतून लाकडी आधारांनी जोडली, हा या दोन टोकांमधला मार्ग होता.

फीडबॅक, म्हणजे मोठ्या आवाजात गिटार आपोआप घुमत राहणे, हीच देवघेव उलट दिशेने आहे: अ‍ॅम्पचा आवाज पाटीला हलवतो, पाटी तारेला हलवते आणि अ‍ॅम्प पुन्हा तेच ऐकतो. हे टाळण्यासाठीच ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाने गिब्सनने १९८० साली काढलेल्या गिटारला एफ-होल ठेवलेच नाहीत.

माझ्या गिटारचे एफ-होल मी मात्र उघडेच ठेवले आहेत. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या की हरवणारा ‘ए’ पाचव्या फ्रेटवरून सहाव्यावर सरकतो, आणि पाचव्यावरचा स्वर चांगला टिकू लागतो. ज्या गाण्यात लांब ‘ए’ हवा असतो, तिथे मी तो एक सप्तक वर घेतो. खर्जाच्या चालत्या ओळींत मात्र तो सहाव्या तारेवरच वाजवतो, कारण तिथे तो तोकडाच हवा असतो.