आमची वाटचाल : आधी कुठलं काम?

मी आणि माझे भागीदार, आम्ही दोघांनी मिळून जुनं एकरंगी ऑफसेट मशीन घेतलं आणि छापखाना सुरू केला. भागीदार मूळचे कंपोझिटर, हाताने खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायच्या काळातले. संध्याकाळी रोलर धुवायच्या आधी उद्याची कामं क्रमाने लिहायची, ही शिस्त त्यांची. आर्टकार्डाच्या कातरणीतून ते जॉबकार्डं कापायचे आणि फळ्यावरच्या कप्प्यांत लावायचे : प्लेट (मजकूर उतरवलेला छपाईचा पत्रा), छपाई, वाळण, बाइंडिंग, डिलिव्हरी. कार्डाच्या कोपऱ्यात दोन तारखा असत. वरची पार्टीने सांगितलेली, खालची माल खरोखर लागणार ती. आम्ही खालचीच धरून चालायचो.

काही वर्षं उत्तम गेली. मग एक बडी पार्टी आली. काम भरपूर, पण प्रत्येक जॉब अर्जंट. मेकरेडी (छपाईआधीची मशीनची जुळवाजुळव) होऊन, रंग जुळून एखादा जॉब चालू व्हावा, की यांचा फोन. प्लेट उतरवा, रोलर धुवा, यांची चढवा. पुन्हा पहिला जॉब लावला की रंग जुळेपर्यंत नवे कागद वाया. छोट्या पार्ट्या एकेक करून तुटल्या. एवढं करून त्या बड्या पार्टीची बिलं महिनोन्महिने अडकली आणि कागदवाल्याने उधारी बंद केली. त्याच सुमारास शेजारच्या प्रेसवाल्याने ‘आज द्या, उद्या घ्या’ म्हणत ती पार्टी पळवली, आमचा मशीनमनही नेला. वर बाजारात सांगत फिरले की आम्हाला वेळ पाळता येत नाही. ज्यांच्यासाठी आम्ही रात्री जागलो, त्यांनीही ते खोडून काढलं नाही. हे मला आजही लागतं.

त्या दिवसांत प्रेस वाचवली ती एका मासिकाच्या संपादक बाईंनी. त्यांनी पुढच्या अंकांच्या कागदाचे पैसे आधीच आणून दिले. त्यांनी कधी खोटी तारीख सांगितली नाही. ‘अहो, अंक १ तारखेला टपालात पडायचाय. त्याआधी तीन दिवस माझ्या हातात द्या, मधले दिवस तुमचे,’ म्हणायच्या. अशा गिऱ्हाइकाचं काम आपोआप आधी होतं.

पुढे भागीदारांनी प्रकृतीमुळे काम सोडलं, फळा माझ्याकडे आला. तेव्हा जॉन्सनचा नियम वाचनात आला. सेल्मर जॉन्सन या गणितज्ञाने तो १९५४ साली मांडला. सगळे जॉब एकामागून एक दोन टप्प्यांतून जात असतील, तर सगळ्यांत कमी वेळेचा आकडा शोधायचा. तो पहिल्या टप्प्यातला असेल तर तो जॉब सुरुवातीला, दुसऱ्यातला असेल तर शेवटी. मग उरलेल्यांत पुन्हा तेच. पुस्तिकेला छपाई एक तास आणि बाइंडिंग चार तास. पोस्टरला छपाई तीन तास आणि कटिंग एक तास, दोन्हींची फिनिशिंगची माणसं तीच. पुस्तिका आधी घेतली तर सगळं सहा तासांत उरकतं, पोस्टर आधी घेतलं तर आठ लागतात. शाई वाळायचा वेळ दोन्हीकडे सारखाच धरला आहे. माणसं तीच, मशीन तेच, आणि दोन तास हातात!

अर्थात तारीख अडली असेल तर ती आधी. तारखेची घाई नसेल तेव्हा एकरंगी मशीनवर फिक्या शाईचे जॉब आधी घ्या, गडद नंतर. पिवळ्यावरून काळ्यावर जाताना धुलाई थोडक्यात भागते. उलट गेलात तर दोन-तीनदा धुऊनही पिवळा मळकट येतो.

नव्याने प्रेस काढणाऱ्यांना आणखी सांगतो. मशीनचे सगळे तास भरू नका. ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणारा रबरी पत्रा) फाटतो, प्लेट खराब निघते, कागद ओलसर येतो. दिवसाचा चौथा हिस्सा तरी मोकळा ठेवा. कुणी अर्जंट म्हटलं की विचारा, ‘एक दिवस उशीर झाला तर काय अडेल?’ खरोखर अडणारा माणूस लगेच सांगतो. प्रूफवर सही झाल्याशिवाय जॉबला दिवसाच्या यादीत जागा देऊ नका, नाहीतर मशीन त्यांच्या सहीची वाट बघत बसतं.

ती बडी पार्टी मध्यंतरी पुन्हा आली. शेजाऱ्यांकडेही त्यांचं काम रखडलं होतं म्हणे. मी सांगितलं, चालू जॉब उतरवणार नाही, आणि निम्मं बिल आगाऊ लागेल. ते ऐकून निघून गेले. मला जराही वाईट वाटलं नाही.