तुम्ही विचारलंत म्हणून: पॉप रिव्हेटची गन असताना हा साचा कशाला?

रिव्हेट म्हणजे पत्रे कायमचे जोडणारी धातूची खीळ. ती बसवणारी पॉप रिव्हेटची गन हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात काहीशे रुपयांत मिळते, एकट्याने चालवता येते. मग भरीव रिव्हेट ठोकायला एवढं लोखंड कापून साचा का बनवलात? माझं घरचं वर्कशॉप बघायला येणारे हे हमखास विचारतात. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अपुरं पडतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

गन माझ्याकडेही आहे. पत्र्याची पेटी, कूलरची बॉडी, जिथे मागच्या बाजूने हात पोचत नाही अशी कुठलीही जागा, तिथे तीच वापरावी. पण पॉप रिव्हेट पोकळ असतो. आतली पिन ओढली जाते, मागचं तोंड फुगतं, पिन तुटते आणि मधे भोक उरतं. कढईच्या कानाला असा रिव्हेट मारला तर त्या भोकात मळ साठतो, तेल झिरपतं. सांडशी किंवा अडकित्त्याच्या सांध्याला तर तो चालतच नाही. तिथे सगळा जोर रिव्हेटला आडवा कापायला बघतो आणि पोकळ नळी तो जोर सोसत नाही. माझं बरंचसं काम नेमकं याच वस्तूंचं आहे: कढयांचे कान, तांब्याच्या घंगाळांच्या कड्या, सांडशा, अडकित्ते.

भरीव रिव्हेटची अडचण धातूची नाही, हातांची आहे. रिव्हेटचं तयार डोकं खाली डॉलीच्या (खालून टेकू देणाऱ्या सळईच्या) वाटीत बसवायचं, पत्रे दाबून धरायचे, वरून स्नॅप (दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं गोल डोकं घडवणारी वाटीदार सळई) बरोबर रिव्हेटच्या अक्षावर उभा धरायचा आणि हातोडी मारायची. हावडा पुलासारखी कामं रिव्हेटांवर उभी राहिली तेव्हा एक तापवणारा, एक झेलणारा, एक मागून टेकू देणारा आणि एक ठोकणारा अशी टोळी असायची. घरी मी एकटी. स्नॅप जरासा कलला की डोकं एका बाजूला सरकतं, वाटीची कड पत्र्यात रुतते आणि सांधा एका अंगाने ढिला राहतो. म्हणून मला स्नॅप आणि डॉली कायम एका रेषेत धरणारी चौकट हवी होती.

चौकट अगदी साधी आहे. माइल्ड स्टीलच्या 50 बाय 20 च्या दोन पट्ट्या, प्रत्येकी 200 मिमी लांब. पुण्याच्या जुन्या बाजारात असे तुकडे वजनावर मिळतात. मागच्या टोकाला दोन्हींच्या मधे 50 मिमी उंचीचा ठोकळा आणि आरपार दोन बोल्ट. पुढच्या टोकाला वरच्या पट्टीतून स्नॅप सरकतो, खालच्या पट्टीत डॉली बसते. डॉलीच्या बुडाखाली जाड प्लेट आहे आणि सगळा साचा ऐरणीवर ठेवायचा. हातोडीचा मार स्नॅपमधून रिव्हेटला, तिथून डॉलीला आणि ऐरणीला जातो. वरच्या पट्टीवर तो येतच नाही, तिचं काम फक्त वाट दाखवण्याचं. त्यामुळे ती फार जाड असायची गरज नाही.

साच्याचं सगळं मर्म भोकांच्या क्रमात आहे. दोन पट्ट्या आधी एकमेकींवर ठेवून घट्ट क्लॅम्प करायच्या आणि भोकं दोन्हींमधून एकदमच पाडायची. आधी 11.8 मिमीचा ड्रिल, मग तेल लावून हाताने 12 मिमीचा रीमर, म्हणजे भोक गुळगुळीत आणि नेमक्या मापाचं करणारं हत्यार. ठोकळा नंतर मधे घालायचा. बोल्टांची भोकं 10 च्या बोल्टला 11 मिमी, म्हणजे थोडी मोकळी ठेवायची. आता 12 मिमीची सरळ सळई दोन्ही भोकांतून घालायची आणि ती आत असतानाच बोल्ट आवळायचे. आवळल्यावर सळई उचलून सोडली तर स्वतःच्या वजनाने खाली उतरली पाहिजे. अडली, तर ठोकळा कुठेतरी उंच आहे; तो कानशीने उतरवायचा. सळई मोकळी सरकू लागली की दोन डॉवेल पिना (भोकात घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत खिळ्या) ठोकून चौकट कायमची पक्की करायची. ज्या अचूकतेसाठी लोकांना मिलिंग मशीन लागेल असं वाटतं, ती टेबलावरच्या साध्या ड्रिलवर मिळते. मला या साच्यात सगळ्यात आवडते ती हीच गोष्ट.

स्नॅप आणि डॉलीसाठी मी 12 मिमीची सिल्व्हर स्टीलची (पाणी देऊन कडक करता येणाऱ्या पोलादाची) सळई वापरते. ती ग्राइंड होऊनच येते, त्यामुळे रीमर फिरवलेल्या भोकात हलक्या हाताने सरकते. गोल डोक्याची रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या 1.6 पट आणि उंची 0.7 पट धरली तर 4 मिमीच्या रिव्हेटला सायकलच्या मागच्या चाकातली पाव इंची गोळी जवळजवळ नेमकी लागू पडते. 3 मिमीला पुढच्या चाकातली 3/16 इंची. सळईच्या टोकाला ड्रिलने उथळ खड्डा करायचा, टोक लाल तापवायचं आणि गोळी ठोकून आत बसवायची. अर्ध्यापेक्षा थोडी कमीच. वाटी डोक्याहून खोल झाली तर तिची कड पत्र्याला चावते. टोक थोडं फुगतं, ते ड्रिलच्या चकमधे फिरवत एमरी पेपरने मूळ मापाला आणायचं आणि वाटी आतून चकचकीत करायची, कारण तिच्यातला प्रत्येक ओरखडा रिव्हेटच्या डोक्यावर उमटतो. तिसरी एक सळई हवी: तिला टोकाशी खोल भोक पाडायचं, रिव्हेटच्या दांड्याहून जरा मोठं. आधी हिच्यावर मारून पत्रे एकमेकांना भिडवायचे, मगच स्नॅप लावायचा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि मग पत्र्यांच्या मधल्या फटीत धातू फुगतो.

पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करायचं, ते फक्त खालच्या 20 मिमीला. सावलीत तापवा, म्हणजे रंग कळतो. लोहचुंबक चिकटेनासं झालं की त्याच्या किंचित पुढे, 780 अंशांच्या आसपास, पाण्यात बुडवून ढवळत राहायचं. स्थिर धरलं तर वाटीत वाफ अडकते आणि तळ मऊ राहतो. मग टोक घासून उजळ करायचं, मागून हळू तापवायचं आणि तपकिरीवरून जांभळा होणारा रंग वाटीच्या कडेला पोचला की पुन्हा पाण्यात. वरचं टोक मऊच राहू द्या. तिथे हातोडी बसते, आणि कडक पोलादाचा टवका उडाला तर तो डोळ्याकडे येतो. चष्मा लावल्याशिवाय एकही घाव मारू नका.

दांडा किती ठेवायचा? गोल डोक्यासाठी पत्र्यांच्या जाडीवर व्यासाच्या दीडपट, असा पाठ आयटीआयमधे शिकवतात. माझ्या वाटीला सव्वापट पुरतो. दीडपटीला जादा धातू वाटीबाहेर येऊन डोक्याभोवती पातळ कडं उरतं. नवीन माप आलं की टाकाऊ पत्र्यावर एक रिव्हेट ठोकून बघायचा आणि मगच बाकीचे कापायचे. तांब्याचे रिव्हेट आधी मंद लाल तापवून पाण्यात टाकले तर मऊ होतात, घाव कमी लागतात. सांडशीसारख्या हलत्या सांध्यात दोन पात्यांमधे तेल लावलेला कागद घालून ठोकायचं. कागद निघाला की पाती फिरण्यापुरती जागा राहते.

ज्यांना बनवायचा आहे त्यांनी खरेदीची सुरुवात रीमरपासून करावी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला रीमर आणि सिल्व्हर स्टील दोन्ही मिळतं. नुसत्या ड्रिलचं भोक किंचित मोठं आणि वाकडंतिकडं पडतं, त्यात स्नॅप हलतो, आणि मग चौकट बनवून न बनवल्यासारखीच.